आंबा एप्रिलचा, चार्जबॅक जुलैचा: दर वर्षी परतणाऱ्या दुखण्यावर काय करावं

जुलैचा दुसरा आठवडा. बाहेर धो धो पाऊस, खळ्यात उरलेले पुठ्ठ्याचे खोके ओलसर होऊन वाकलेले, आणि पेमेंट गेटवेचा, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन आपल्याला देणाऱ्या कंपनीचा, मेल येतो: अमुक ऑर्डरवर चार्जबॅक दाखल झाला आहे, रक्कम रोखून ठेवली आहे, अमुक तारखेच्या आत पुरावे द्या. चार्जबॅक म्हणजे ग्राहकाने आपल्या बँकेमार्फत पैसे परत मागणं. ऑर्डर बघावी तर एप्रिलची. आंबे खाऊन झाले, कोयी कचऱ्यात गेल्या, पेटीत आता कुणाची तरी जुनी बिलं असतील. आणि माल पोचला होता हे आपण सिद्ध करायचं!

आमची देवगडला कलमं आहेत. बाबा बाग बघतात, मी पुण्यातून वेबसाइटवर आणि व्हॉट्सॲपवर विक्री बघतो. पहिल्या दोन हंगामांत आलेले सगळे चार्जबॅक मी हरलो. कारण सोपं होतं. मी चिडून उत्तरं लिहायचो. आमची तिसरी पिढी आहे, आम्ही कार्बाइड वापरत नाही, आमच्यावर असा आरोप म्हणजे वगैरे. समोर हे वाचणाऱ्याला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं, हे कळायला दोन वर्षं गेली. आता सगळे जिंकतो असं नाही, पण हरलो तर का हरलो हे कळतं आणि पुढच्या हंगामात तेच भोक बुजवता येतं. कोकणी मेवा, साड्या, दागिने, दिवाळीचा फराळ, काहीही ऑनलाइन विकत असाल तरी दुखणं बहुतेक हेच असेल.

आधी पैसा फिरतो कसा ते. ग्राहक तक्रार करतो आपल्या बँकेकडे. ती बँक व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यातून दावा पाठवते, तो आपल्या बाजूच्या बँकेकडे येतो, तिथून गेटवेकडे, तिथून आपल्याकडे. पैसे आधी जातात, वाद नंतर. आपलं उत्तर त्याच वाटेने परत जातं आणि त्यावर पहिला निर्णय घेते ग्राहकाचीच बँक. म्हणजे गेटवे हा न्यायाधीश नाही, पोस्टमन आहे. त्याच्या मदत केंद्रावर आवाज चढवून काही होत नाही (मी चढवलाय). बँकेने उत्तर फेटाळलं तर पुढे लवादापर्यंत जाता येतं, पण तिथली फी शेकडो डॉलरमध्ये असते. दोन डझन आंब्यांसाठी तो विचार मनात आणू नका.

मेल आल्यावर पहिल्या तासात

मेलमधल्या लिंकवर क्लिक करू नका. गेटवेच्या नावाने खोटे चार्जबॅकचे मेल हुबेहूब तसेच येतात, आणि घाबरलेला विक्रेता पासवर्ड देऊन मोकळा होतो. नेहमीच्या पत्त्यावरून स्वतः लॉगिन करा, डिस्प्यूटच्या, म्हणजे वादांच्या, पानावर खरंच नोंद आहे का बघा.

नोंद असेल तर सगळ्यात महत्त्वाचं: ग्राहकाला वेगळा रिफंड देऊ नका. मी दिला होता. माणूस फोनवर चांगला बोलला, म्हटलं भांडण मिटवू. रिफंड गेला, आणि पाच आठवड्यांनी चार्जबॅकही त्याच्या बाजूने लागला. आंबे एकदा गेले, पैसे दोनदा. चूक आपलीच आहे असं वाटत असेल तर डिस्प्यूटच्या पानावर चार्जबॅक मान्य करा, म्हणजे रक्कम एकाच वाटेने परत जाते. आणि मेल यायच्या आधीच रिफंड दिलेला असेल, तर तेच तुमचं उत्तर: रिफंडची तारीख आणि एआरएन म्हणजे रिफंडचा संदर्भ क्रमांक जोडा, विषय संपतो.

मग मुदत बघा. ग्राहकाला तक्रार करायला साधारण १२० दिवस मिळतात. आपल्याला गेटवे देतो मोजके दिवस, कारण त्यालाही पुढे पाठवायला वेळ लागतो. ग्राहक फोनवर म्हणाला, "अहो चुकून झालं, मी मागे घेतो," तरी उत्तर पाठवाच. तो मागे घेईपर्यंत आपली मुदत थांबत नाही. तक्रार मागे घेतलीच तर त्याच्याकडून तसा मेल मागून ठेवा.

आणि मग कारण क्रमांक बघा, म्हणजे तक्रार कशाची आहे ते सांगणारा आकडा. मी दोन वर्षं हाच बघत नव्हतो.

कारण क्रमांक आधी, पुरावे नंतर

व्हिसाचे क्रमांक चार गटांत आहेत: १० ने सुरू होणारे फसवणुकीचे, ११ चे मंजुरीचे, १२ चे प्रक्रियेतल्या चुकांचे आणि १३ चे ग्राहकाच्या तक्रारींचे. आपल्याला भेटतात ते मुख्यतः १०.४, म्हणजे "हा व्यवहार मी केलाच नाही", १३.१, म्हणजे "माल मिळाला नाही", आणि १३.३, म्हणजे "सांगितला तसा नव्हता किंवा खराब निघाला". मास्टरकार्डमध्ये ४८३७ हा पहिल्यासारखा, आणि ४८५३ मध्ये मालाच्या बहुतेक तक्रारी येतात.

प्रत्येकाला वेगळा कागद लागतो. १०.४ ला तुम्ही कुरियरची पावती जोडलीत तर बँक म्हणते, पोचलं असेल हो, पण कार्डवाल्याने मागवलं होतं का? १३.३ ला ओटीपीचा पुरावा जोडलात तर ग्राहक म्हणतो, मागवलं मीच, पण आंबा सडका होता. म्हणजे प्रश्न एक, उत्तर भलतंच. माझे निम्मे चार्जबॅक इथेच बुडाले.

"हा व्यवहार मी केलाच नाही"

यातलं सगळ्यात साधं आणि सगळ्यात हास्यास्पद कारण आधी. आमच्या साइटला बागेचं नाव आहे. पण फर्म बाबांच्या नावावर, प्रोप्रायटरशिप. त्यामुळे ग्राहकाच्या कार्डाच्या स्टेटमेंटवर नाव येत होतं बाबांचं. एका बाईंना वाटलं, हा कोण परका माणूस आपल्या कार्डातून पैसे काढतोय? त्यांनी बँकेला कळवलं. चूक काय त्यांची? गेटवेला सांगून स्टेटमेंटवर दिसणारं नाव दुकानाचं करून घेतलं, ऑर्डरच्या मेलमध्ये आणि व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकली की तुमच्या स्टेटमेंटवर अमुक नाव दिसेल, आणि या प्रकारचे चार्जबॅक जवळजवळ थांबले. खर्च शून्य. तुमच्या दुकानाचं नाव आणि स्टेटमेंटवरचं नाव वेगळं असेल तर बाकीचं नंतर वाचा, आधी हे करा. शोधायचं कसं? स्वतःच्या कार्डाने स्वतःच्या साइटवरून काहीतरी घ्या आणि स्टेटमेंट बघा.

आता खरी गुंतागुंत. भारतीय कार्डांवर ऑनलाइन व्यवहाराला दुसरा पडताळा, म्हणजे बहुतेक वेळा ओटीपी, रिझर्व्ह बँकेने २००९ पासून सक्तीचा केला. पडताळा झालेला असला की "मी केलाच नाही" या दाव्याची जबाबदारी सहसा कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते, आपल्यावर राहत नाही. म्हणून देशातल्या कार्डावर १०.४ क्वचित येतो. दुखणं आहे परदेशी कार्डाचं. तिथल्या बँकांना ही सक्ती नाही, आणि बरेच व्यवहार ओटीपीशिवाय पार होतात.

आणि आमचा तर धंदाच तसा! मुलगा न्यू जर्सीत, मुलगी डब्लिनला, आईवडील डोंबिवलीत. पाडव्यापासून अक्षय तृतीयेपर्यंत ऑर्डरींचा पाऊस: कार्ड अमेरिकेचं, पत्ता ठाण्याचा, फोन तिसऱ्याचाच. फसवणूक ओळखण्याचे जे नियम इंटरनेटवर लिहिलेले असतात, की बिलाचा पत्ता आणि पाठवायचा पत्ता वेगळा असेल तर सावध, कार्ड एका देशाचं आणि आयपी, म्हणजे इंटरनेट जोडणीचा पत्ता, दुसऱ्याचा असेल तर सावध, ते लावले तर माझ्या सगळ्यात चांगल्या गिऱ्हाइकांना मी दारातूनच परत पाठवीन. चोरलेलं कार्ड घेऊन येणारा लपतो तोही याच गर्दीत.

यावर मी करतो ते इतकंच: पेटी निघण्याआधी जिथे जायची आहे तिथे फोन.

"काकू, नमस्कार. देवगडहून आंब्याची पेटी निघतेय तुमच्याकडे. गुरुवारी घरी आहात ना?"

खरी ऑर्डर असेल तर पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "अगंबाई, केदारने पाठवले असतील!" किंवा "पोरीला सांगितलं होतं एवढा खर्च करू नकोस." नाव ऑर्डरशी जुळलं की पेटी निघते. गंमत जाते, सरप्राइज फुटतं, कधी कधी मुलगा नाराजही होतो. होऊ दे. फोन बंद असेल, पलीकडचा माणूस पाठवणाऱ्याचं नावच ओळखत नसेल, किंवा "गेटवर ठेवा, मी माणूस पाठवतो" असं म्हणत असेल, तर मी ऑर्डर थांबवतो आणि कार्डाच्या मालकाला मेल करतो. दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर रिफंड. या एका फोनने डिलिव्हरीची वेळही ठरते, म्हणजे गेटवर पडून मेच्या उन्हात शिजलेल्या आंब्यांची तक्रारही टळते. फोननंतर मी काकूंना व्हॉट्सॲपवर पत्ता आणि दिवस लिहून पाठवतो आणि त्या "हो, चालेल" म्हणतात. ती ओळ पुढे पुराव्यात जाते.

तांत्रिक बाजूने बघायची गोष्ट एक: ईसीआय. व्यवहाराच्या तपशिलात हा दोन अंकी आकडा असतो, दिसत नसेल तर गेटवेकडे मागा. व्हिसामध्ये ०५ म्हणजे पडताळा पूर्ण, ०६ म्हणजे प्रयत्न झाला, ०७ म्हणजे पडताळाच नाही. मास्टरकार्डमध्ये तेच ०२, ०१, ००. ग्राहकाला ओटीपी आला नाही म्हणजे पडताळा झाला नाही असं नसतं, कधी बँक पडद्यामागेच करून टाकते. म्हणून ग्राहकाला विचारण्यात अर्थ नाही, आकडा बघा. ०५ असताना १०.४ आला तर उत्तर एका ओळीचं आहे. ०७ असेल तर ओझं तुमच्या डोक्यावर. परदेशी कार्डावरही पडताळा मागण्याची सोय गेटवेकडे असते, ती चालू आहे का विचारून घ्या. माझ्याकडे पहिली तीन वर्षं बंद होती आणि मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

एप्रिल २०२३ पासून व्हिसाने १०.४ साठी विक्रेत्यांच्या बाजूने एक बरा नियम आणलाय. त्याच कार्डावरचे दोन जुने व्यवहार दाखवायचे, ज्यांवर तक्रार आली नव्हती आणि जे तक्रारीच्या तारखेआधी १२० ते ३६५ दिवसांमधले आहेत. त्यांच्याशी आताच्या व्यवहाराच्या दोन गोष्टी जुळायला हव्यात, आणि त्यांतली एक तरी आयपी किंवा डिव्हाइसची हवी. जुळलं की दावा तुमच्यावर टिकत नाही. वाचून मला आनंद झाला आणि मग कॅलेंडर उघडून बसलो. जुलैत तक्रार आली, तर गेल्या वर्षीच्या एप्रिलची ऑर्डर ३६५ दिवसांच्या बाहेर! हंगामी धंद्याला हा नियम नेमका हुलकावणी देतो. कामाला येतात ती दिवाळीत काजूगर आणि फेब्रुवारीत कोकम नेलेली गिऱ्हाइकं. वर्षभर विकणाऱ्यांनी मात्र हे सोडू नये, आणि त्यासाठी प्रत्येक ऑर्डरचा आयपी साठवून ठेवायला हवा. साइट बनवणाऱ्याला विचारा, बऱ्याच साइटींवर तो काही दिवसांनी पुसला जातो.

पेपालने पैसे घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. एप्रिल २०२१ पासून पेपाल आपल्याकडे फक्त परदेशातून येणाऱ्या पैशांसाठी आहे. तिथे ग्राहकाला वाद उघडायला १८० दिवस मिळतात, आणि विक्रेत्याचं संरक्षण हवं असेल तर माल व्यवहाराच्या पानावर दिसतो त्याच पत्त्यावर जायला हवा. "पेपालमध्ये माझा इथलाच पत्ता आहे, तुम्ही आईकडे पाठवा" असं व्हॉट्सॲपवर आलं तर नम्रपणे सांगा, पैसे परत करतो, आईचा पत्ता टाकून पुन्हा भरा. कटकट आहे, पण पर्याय नाही.

"माल मिळाला नाही"

इथे कुरियरची पोचपावती चालते, पण कोणती? "डिलिव्हर्ड" एवढा शब्द पुरत नाही. पूर्ण पत्ता, तारीख, वेळ, कुणी घेतली, आणि सही किंवा डिलिव्हरीचा ओटीपी. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत पेटी घेतो वॉचमन, आणि सहीच्या जागी लिहितो "गेट". बँकेतल्या माणसाला हा गेट कोण ते कळत नाही. म्हणून आता ओटीपी घेऊनच डिलिव्हरी, त्याचे जास्तीचे पैसे देऊनही.

दुसरं म्हणजे पोचपावती त्याच आठवड्यात डाउनलोड करा. जुलैत ट्रॅकिंग नंबर टाकला तर पान रिकामं आलं, असं माझ्याबरोबर दोनदा झालं. आता हंगामात दर रविवारी रात्री आमच्याकडे एक पोरगा बसतो आणि त्या आठवड्याच्या सगळ्या पावत्या ऑर्डर क्रमांकाच्या नावाने साठवतो. स्पीड पोस्टने पाठवत असाल तर तेच: तेरा अक्षरांचा क्रमांक आणि पोचल्याचं पान, दोन्ही.

आणि सगळ्यात भक्कम पुरावा असतो ग्राहकाच्या स्वतःच्या तोंडचा. पेटी पोचल्यावर मी एक मेसेज टाकतो, "आंबे मिळाले का? कसे आहेत?" उत्तर येतं: "मस्त आहेत, आई खूश." झालं! फक्त एक लक्षात ठेवा, हे वाचणारा माणूस डोंबिवलीचा नाही. मराठी चॅटचा फोटो जोडताना खाली इंग्रजीत भाषांतर लिहा, नंबर ऑर्डरमधलाच आहे हे दाखवा. एका वर्षी मी अकरा पानांचं मराठी संभाषण जसंच्या तसं पाठवलं होतं. ते कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही.

"सांगितला तसा नव्हता"

हापूसवाल्यांना इथे साका म्हटलं की पुरे. बाहेरून सोन्यासारखं फळ, कापलं की आत पांढरा, स्पंजासारखा गर. बाहेरून ओळखता येत नाही, बागायतदारालाही नाही. ग्राहकाला हे माहीत नसेल तर त्याला वाटतं, फसवलं.

दुसरी तक्रार कच्च्या आंब्याची. आम्ही तयार व्हायला आलेला पण हिरवा माल पाठवतो, घरी अढीत, म्हणजे पेंढ्यात रचून, चार-सहा दिवस ठेवायचा असतो. नवीन पिढीला अढी माहीत नाही. पेटी उघडली, हिरवे आंबे बघितले, कापले, आंबट लागले, तक्रार. यावर उपाय पेटीतली चिठ्ठी: कसे ठेवायचे, कधी खायचे, फ्रिजमध्ये कच्चे टाकू नका, आणि साका किंवा डागी फळ निघालं तर दोन दिवसांत फोटो पाठवा, तेवढी फळं बदलून देऊ किंवा तेवढे पैसे परत. हेच वेबसाइटवर पैसे भरण्याच्या पानावर, टिचकी मारून मान्य करायच्या जागी. ग्राहकाने आधी विक्रेत्याशी बोलून सोडवायचा प्रयत्न करावा आणि माल परत द्यायची तयारी दाखवावी अशी व्हिसाची १३.३ साठी अपेक्षा आहे. म्हणून "तुम्ही कळवलंच नाही" हे तारखेनिशी दाखवता आलं तर बाजू भक्कम होते. पण त्यासाठी कळवायची जागा ठळक असायला हवी. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायला सांगितलंय. हंगामात ४८ तास म्हणजे आमच्याकडे पाच मिनिटांसारखे जातात, म्हणून तक्रारींचा फोन वेगळा ठेवलाय आणि तो बहिणीकडे असतो. ती माझ्याइतकी चिडत नाही.

खरं सांगायचं तर साक्याच्या तक्रारीवर मी लढत नाही. फोटो आला की फळं किंवा पैसे. सहा फळांसाठी कागद गोळा करण्यात जाणारी संध्याकाळ महाग पडते.

उत्तर कसं बांधायचं

एकच पीडीएफ. पहिल्या पानावर इंग्रजीत सात-आठ ओळी: ऑर्डर कधी, पैसे कसे, पडताळ्याचा आकडा, माल कधी निघाला, कधी कुणाला पोचला, ग्राहक काय म्हणाला, आणि म्हणून हा दावा का टिकत नाही. पुढच्या पानांवर त्याच क्रमाने पुरावे, प्रत्येकावर क्रमांक. बिलावरचं नाव, साइटवरचं नाव आणि फर्मचं नाव वेगळं असेल तर ते एका ओळीत समजावा. आरोप, दुखावलेपण, तीन पिढ्या, काही नाही. अपलोड केल्यावर फाइल स्वतः उघडून बघा. एकदा माझी फाइल फार मोठी होती म्हणून चढलीच नव्हती आणि मला कळलं निकालाच्या दिवशी.

ऑर्डर नाही, पण पैसे गेले

हे फसवणुकीचं नाही, आपल्याच साइटचं दुखणं. ग्राहकाने पैसे भरले, नेट गेलं, साइटवर ऑर्डर "अपूर्ण" राहिली, पैसे मात्र गेटवेकडे उशिरा का होईना जमा झाले. आपण पेटी पाठवतच नाही, कारण आपल्याला माहीतच नाही. तो दोनदा मेल करतो आणि मग बँकेकडे जातो. बरोबरच आहे त्याचं. रोज रात्री गेटवेची यादी आणि साइटची यादी समोरासमोर ठेवून जुळवा. ज्यांचे पैसे आले पण ऑर्डर नाही, त्यांना त्याच रात्री फोन. आणि गेटवेकडून साइटला आपोआप निरोप येण्याची जी वेबहुकची सोय असते ती चालू करून घ्या.

रात्रीत शंभर फसलेले व्यवहार दिसले तर

कुणीतरी चोरलेली कार्डं तुमच्या साइटवर तपासून बघतंय, सहसा सगळ्यात स्वस्त वस्तूवर. आमच्याकडे कोकम सरबताच्या छोट्या बाटलीवर झालं. त्यांतले जे चार-पाच व्यवहार यशस्वी होतात त्यांचे चार्जबॅक दोन महिन्यांनी येतात. ते व्यवहार लगेच स्वतःहून परत करा, साइटवर कॅप्चा, म्हणजे समोर माणूस आहे की यंत्र हे तपासणारी चाचणी, लावा, एका आयपीवरून किती प्रयत्न चालतील यावर मर्यादा घाला. आम्ही जून ते फेब्रुवारी परदेशी कार्डंच बंद ठेवतो आणि कुणी मागितलं तर तेवढ्यापुरती लिंक पाठवतो.

मोठी ऑर्डर आणि गाडीवाला

"कंपनीत वाटायला साठ डझन हवेत, परदेशी कार्डाने भरतो, आमचाच टेम्पो येईल. टेम्पोवाला कार्ड घेत नाही, त्याचे पैसेही मी तुम्हालाच भरतो, तुम्ही त्याला यूपीआय करा." हे वाक्य आलं की फोन ठेवा. कार्ड चोरीचं असतं, आंबे त्याला नकोच असतात. त्याला हवे असतात टेम्पोवाल्याला तुम्ही पाठवलेले खरे पैसे. वस्तू बदलते, वाक्य हेच राहतं.

यूपीआयवर चार्जबॅक नाही, असं कोण म्हणतं?

गेटवेमार्फत घेतलेल्या यूपीआयवरही ग्राहक बँकेतून किंवा ॲपमधून वाद उघडू शकतो. पण छोट्या विक्रेत्याला त्याहून मोठा फटका बसतो तो वेगळाच. सकाळी उठून बघावं तर बँकेने खात्यावर लियन लावलेलं, म्हणजे पैसे अडवून ठेवलेले. झालेलं असं असतं की कुणाचे तरी लुबाडलेले पैसे चोराने तुमच्याकडे खरेदीसाठी वापरले. ज्याचे गेले त्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पैशांचा माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत आले. तुम्ही माल दिलाय, तुम्ही निर्दोष आहात, तरी खातं अडकतं.

हे आमच्या ओळखीच्या एका काजूवाल्यांबरोबर झालं आणि ते तीन आठवडे फक्त बँकेच्या शाखेत चकरा मारत राहिले. शाखेतल्या माणसाच्या हातात काही नसतं. त्याच्याकडून लेखी मागायचं ते एवढंच: तक्रारीचा क्रमांक, कुठल्या राज्यातलं कुठलं पोलीस ठाणं, वादातली रक्कम किती आणि कोणता व्यवहार. मग त्या तपास अधिकाऱ्याला मेलने आणि स्पीड पोस्टने बिल, पोचपावती, चॅट, जीएसटी किंवा फर्मची नोंदणी पाठवायची आणि विनंती करायची की लियन वादातल्या रकमेपुरतंच ठेवावं, पूर्ण खातं गोठवू नये. फोनवर "इतके पाठवा, खातं लगेच सोडतो" म्हणणारा पोलीस नसतो.

घरखर्चाचं खातं आणि धंद्याचं खातं वेगळं ठेवा. काजूवाल्यांच्या मुलीची फी त्याच खात्यात होती.

बाकी यूपीआयचे जुने प्रकार आता सगळ्यांना माहीत आहेत, तरी अक्षय तृतीयेच्या गडबडीत माणूस फसतोच. स्क्रीनशॉट बघून पेटी देऊ नका, खात्यात रक्कम बघा. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. "चुकून जास्त गेले, या दुसऱ्या नंबरवर परत करा" असं आलं तर परत करायचे ते ज्या व्यवहाराने आले त्यावरच, गेटवेच्या रिफंडने. दुसऱ्या नंबरवर दिलेले पैसे कुठल्याच वादात रिफंड म्हणून धरले जात नाहीत.

आणि पैसे बाजूला ठेवण्याचं. चार्जबॅकची रक्कम गेटवे पुढच्या सेटलमेंटमधून, म्हणजे आपल्याला द्यायच्या पैशांतून, कापतो. पण जुलैत आमचं सेटलमेंटच नसतं, मग शिल्लक उणे होते आणि खातं बंद करण्याची नोटीस येते. ३१ मेला पोचलेल्या पेटीचे १२० दिवस संपतात २८ सप्टेंबरला. म्हणून परदेशी कार्डांतून आलेल्या रकमेचा एक भाग आम्ही वेगळ्या खात्यात टाकतो आणि सप्टेंबर संपेपर्यंत हात लावत नाही. बाबांना हे अजून पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, आंबे गेले, पैसे आले, मग पावसाळ्यात कलमांना खत घालायला मी उसने का आणायचे?